साडेचार किलोवर अर्धा तास

नवीनचं कोटेशन सुलभाताईंच्या पर्समध्ये आहे,
चार घड्या पडलेलं.
अहमदाबाद. चौदा आठवडे. चाळीस टक्के आगाऊ.
वाहतूक वेगळी, उभारणी वेगळी, अठरा टक्के वेगळे.
चौदा आठवड्यांत पिंपळगावचा टोमॅटो
येऊन, चढून, पडून
संपलेलाही असेल.

म्हणून आम्ही अंबडला, लिंक रोडच्या आत,
नजीरभाई कोकणींच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
हजार लिटरची केटल, दुहेरी भिंतीची,
आत तीनशे सोळा, बाहेर साधं पोलाद,
नावाची पाटी घासून काढलेली.
"वापीची पार्टी बघून गेली सकाळीच," नजीरभाई म्हणतात.
जुन्या मालाला सकाळी बघून गेलेली पार्टी असतेच.

मी बॅटरी घेऊन आत उतरतो.
मॅनहोलमधून आधी पाय, मग पन्नाशीचं पोट, मग बाकीचा मी.
आत वास अजून आहे, साखरेचा नाही, औषधाचा.
बोटांनी भिंत चाचपत जातो. खड्डे नाहीत.
ढवळणीचा शाफ्ट हलवून बघतो, केसभर खेळतो, चालेल.
आणि तळाच्या वळणावर, ड्रेनच्या डावीकडे,
हाताला लागतं ठिगळ.
बशीएवढं.

माणसाचं अक्षर ओळखू येतं तसं वेल्डचंही येतं.
शेवटी जरासं उजवीकडे वळून आर्क तोडायची
ही खोड माझी.

सातपूर. अठ्ठ्याण्णव, नाहीतर नव्याण्णव.
शनिवारची तिसरी पाळी,
आर्गॉनचं सिलिंडर निम्म्यात संपलेलं,
पिंगळेसाहेब डोक्यावर उभे,
"सोमवारी बॅच आहे. उरक."
मी उरकलं.
ओव्हरटाइमचे बहात्तर रुपये आले,
त्यांचं काय घेतलं आठवत नाही.
पुढे गेटला टाळं लागलं, यंत्रं लिलावात गेली,
मी सिडकोत स्वतःचा सेट टाकला.
ठिगळ मी विसरलो होतो. ते होतं.

बाहेर येतो. सुलभाताई विचारतात, "कशी आहे?"
"कुणीतरी घाईत मारलेलं एक ठिगळ आहे,"
एवढं वाक्य जिभेवर तयार होतं,
त्यात खोटं असं काहीच नव्हतं.
"ठिगळ आहे," मी म्हणतो. "मीच मारलेलं."
नजीरभाई चहाचा कप खाली ठेवतात.

मग जॅकेटमध्ये पाणी भरलं, हवा काढली, हातपंप लावला.
काटा तीनवर. चारवर. साडेचारवर.
आता अर्धा तास नुसतं थांबायचं.
बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेतोय, "आंदो, आंदो."
सुलभाताई मोबाइलवर आकडे मांडतात,
जुनी चार लाख दहा, नवी साडेअकरा,
मध्ये एक अख्खा हंगाम.
मी मॅनहोलमध्ये डोकं घालून
ठिगळावर बॅटरी धरलेली.
पोराच्या दहावीच्या निकालाकडेही
इतकं टक लावून बघितलं नव्हतं.

दहा मिनिटं. कोरडं.
वीस. कोरडं.
"इथे ओलं आहे," सुलभाताईंचा आवाज,
पण बाहेरून,
वाफेच्या नळीच्या तोंडाजवळून.
तिथला सांधा मूळ कारखान्याचा,
केटल नवी असताना तपासलेला, शिक्का मारलेला.
थेंब लोंबकळला. पडला.
दुसरा धरायला लागला.

"तुमचंच काम टिकलं की, मास्तर!" नजीरभाई हसले.
मला हसू आलं नाही.
टिकलं म्हणजे बरोबर होतं असं नाही,
हे त्या निम्म्या सिलिंडरला ठाऊक आहे, आणि मला.

सुलभाताईंनी कोटेशन काढलं, घड्या उलगडल्या,
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
तोंड नवं. ठिगळ कापून नवा पत्रा. तीन लाख वीस.
कागद नजीरभाईंपुढे सरकवला.
"वेल्ड कोण मारणार?" त्यांनी विचारलं.
सुलभाताई माझ्याकडे वळल्या.
"दोन सिलिंडर आणा या वेळी."

नजीरभाई कागद बघत होते.
काटा एव्हाना चारच्या खाली आला होता.